ओठांतल्या टाचण्या

ता. ४ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

या गावच्या शिवणदुकानात मी आता रुळतोय, पण जीव तुझ्यात अडकलाय. दोन वर्षं आपल्या दुकानात गिऱ्हाइकांशी तिथल्या परक्या भाषेत मीच बोललो, तू मुकाट शिवत राहिलीस. आता एकटी कशी निभावतेस? अडलंच तर शेजारच्या घड्याळवाल्याला मध्ये घाल, त्याला आपली भाषा येते. उगाच स्वतः बोलायला जाऊन फजिती करून घेऊ नकोस. पहिल्याच दिवशी माप सांगताना केवढा हशा झाला होता, विसरली नाहीस ना?

वेळेवर जेवत जा.
तुझा,
दादा

ता. १५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

घड्याळवाल्याची गरज पडली नाही. सोमवारी एक आजोबा कोट अंगात घालून बघत होते. मागे टाचणी राहिलेली, आणि ते खुर्चीत बसायला निघाले. मी तोंडातल्या टाचण्या थुंकल्या आणि इथल्या भाषेत ओरडले, की बसू नका, टोचेल. वाक्य पार उलटंपालटं झालं, पण आजोबा बसले नाहीत रे! हसलेही नाहीत. मग खिसा कुठे हवा, बटणं कुठली, सगळं मीच विचारलं. आता रोज बोलते आणि धडाधड चुकते.

एक सांगू? रागावू नकोस. कामं नसतानाही मी टाचण्या ओठांत धरून बसायचे. माझी ती पहिली चूक तू येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगायचास. तोंडात टाचण्या असल्या की कुणी काही विचारत नाही.

माया आहेच तुझी, तशीच असू दे.
तुझी,
ठमी

ता. २६ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दहादा वाचलं. टाचण्यांचं मला ठाऊक होतं गं, पहिल्या महिन्यापासून. तू बोलायला लागलीस तर दादाला कोण विचारणार, म्हणून मी कळून न कळल्यासारखं केलं. वर चारचौघांत तुला कामसू म्हणून मिरवलं. फार लाज वाटते.

आणि रुळलोय हे खोटं लिहिलं. इथे दुसऱ्याच दिवशी मालकाच्या जावयाने माझ्या उच्चारांची नक्कल केली, सगळं दुकान हसलं. तेव्हापासून टाचण्या माझ्याही तोंडात असतात.

रविवारी येतोय. तू गिऱ्हाइकाशी बोलशील तेव्हा कोपऱ्यात गप्प बसेन. ते गेलं की माझ्याशीही त्याच भाषेत बोल. मी चुकलो तर हसू नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतोय.

जमेल तेवढी क्षमा कर, लोभ कमी करू नकोस.
तुझा,
दादा