कृपया काहीही हलवू नये

ती. थोरल्या काकांना,

तुमच्या शिकलेल्या पुतणीचा वाकून नमस्कार. काकूंनाही नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? काकू तेल लावून देत असतील आणि तुम्ही नको म्हणत असाल, असं धरून चालते. पत्रात सुरुवातीला 'इकडे सगळं ठीक आहे' असं लिहायचं असतं, पण आत्याला जाऊन आज नऊ दिवस झाले, त्यामुळे ते लिहिता येत नाही. काहीच ठीक नाही असंही नाही म्हणा. नळाला पाणी येतं आहे.

हे पत्र आमच्या चित्रपटाच्या युनिटचे शिंपीमास्तर तुम्हाला वाचून दाखवतील. ते तुमच्याच वाटेनं पुढे जाणार आहेत. (मास्तर, सावकाश वाचा. काकांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजवीकडे बसा.) मी फोनच करणार होते, पण तुम्ही फोनवर 'हं' म्हणता ते हो असतं की नाही, हे मला लहानपणापासून कळलेलं नाही, आणि विषय नाजूक आहे.

विषय असा, की तुमचा निरोप आला: शुक्रवारी टेम्पो घेऊन येतो, घर रिकामं करतो, आजोबांचं कपाट नेतो आणि कुलूप घालतो. तुम्ही थोरले, घर तुमचंच. तरी हात जोडून विनंती आहे की शुक्रवारी येऊ नये. आत्याच्या अकराव्या चित्रपटातला शेवटचा प्रसंग व्हायचा आहे आणि तो याच घरात होणार आहे. घरातली वस्तू हलली तर चित्रपट अर्धा राहील, आणि आत्यानं आजवर एकही अर्धा सोडलेला नाही.

ती नेमकं काय करते, असं तुम्ही एकदा बाबांना विचारलं होतंत. बाबा म्हणाले, "काय की बुवा, सगळ्यांवर ओरडते." ते खोटं नाही, पण अपुरं आहे. तुम्हाला एवढंच माहीत की ती स्टुडिओत डबे पोचवायला जायची आणि मग तिथलीच झाली. घडलं असं, की एके दिवशी ती बेचाळीस डबे घेऊन गेली तर चित्रपटाचा निर्माताच पळालेला. हिरो मोटारीत रुसून बसलेला, दिग्दर्शक जिन्यात डोकं धरून. हिनं विचारलं, इथं ठरवतं कोण? सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. तेव्हा म्हणाली, "मग आधी जेवून घ्या, मेल्यांनो." जेवणं झाल्यावर एकेकाला धरून कुठं काय अडलंय ते विचारत सुटली, आणि चार वाजता कॅमेरा चालू झाला. त्या चित्रपटाच्या नामावलीत तिचं नाव नाही. पुढच्या नऊंच्या नामावलीत निर्माती म्हणून आहे, पण ते तिला वाचता येत नसे. नावं सुरू झाली की मला कोपरानं ढोसायची, "आलं का गं?" मी म्हणायचे, आलं. मग पदर सारखा करायची.

पटकथा मी वाचायचे आणि ती शेंगा सोलायची. हात थांबला की गोष्ट चांगली. टोपली रिकामी होईपर्यंत हात थांबला नाही, तर लेखकाला पोटभर जेवू घालून परत पाठवायची. (मोठमोठे लेखक आमच्याकडे जेवून गेले आहेत.) मला शाळेत घातलं ते याचसाठी, असं ती चारचौघांत सांगे. एकटी असताना वेगळं सांगे, ते इथं लिहीत नाही. थिएटरात तिनं पडदा कधी पाहिला नाही. शेवटच्या रांगेमागे उभी राहून लोकांच्या पाठी बघायची. खांदे हलले तर रडतायत, डोकी हलली तर कंटाळलेत. प्रत्येक चित्रपटाच्या पहिल्या खेळाचे दोन पास तुम्हाला पोस्टानं जायचे. पाकिटावर पत्ता मीच घालायचे. (हा टोमणा नाही, काका. टोमणे आत्या मारायची, मला जमत नाहीत.)

आता घराचं. या चित्रपटाला एकट्या म्हातारीचं घर हवं होतं. दिग्दर्शकांनी तीस घरं नापास केली, तेव्हा आत्या वैतागून म्हणाली, "माझंच घे की मग. एकटी आहे, म्हातारी आहे, आणखी काय पाहिजे?" झालं. कलाविभाग आला. आपल्या बैठकीच्या भिंतीला ओल होती, ती कॅमेऱ्यात खरी वाटेना, म्हणून तिच्यावर चुना मारला आणि समोरच्या कोरड्या भिंतीवर ओल रंगवली. ती फार सुंदर वठली आहे. आत्याचे फोटो उतरवले. चित्रपटातल्या म्हातारीला दिवंगत नवरा आहे, तो म्हणून मास्तरांचा फोटो मोठा करून लावला. (मास्तर, हे वाचताना लाजू नका.)

माझं काम कंटिन्युइटीचं. म्हणजे प्रसंग आज अर्धा घेतला आणि उरलेला महिन्यानं घेतला, तरी पेला होता तिथंच, होता तेवढाच भरलेला दिसला पाहिजे. माझ्या वहीत या घराच्या दोनशे बारा नोंदी आहेत, आणि दारावर मी पाटी लावली आहे: कृपया काहीही हलवू नये. स्वयंपाकघर तेवढं चित्रपटात नाही, म्हणून आत्या दीड महिना स्वयंपाकघरातच राहिली. बाहेरच्या खोलीतून जाताना स्वतःच्याच घरात अंग चोरून जायची. तिला याची मोठी गंमत वाटे. "बघ, जन्मभर सगळ्यांना हुसकलं, आता माझी पाळी."

ती गेल्यावर भेटायला माणसं आली तेव्हा माझी कोण धांदल उडाली! रडणाऱ्या माणसाला 'जरा इकडं सरकून रडा' असं सांगणं फार कठीण असतं. मी सांगितलं. शेजारच्या आजींनी मास्तरांच्या फोटोला हात जोडले आणि मला विचारलं, "हेच का गं यजमान? कधी बोलली नाही बाई." मास्तर फोटोखालीच उभे होते. त्यांनी मान खाली घातली, आणि आजींनी त्यांचंही सांत्वन केलं. तुम्ही मात्र फाटकाशी उभे राहिलात आणि तिथूनच परत गेलात. गुडघ्यामुळे पायऱ्या चढवत नाहीत, असं बाबांनी सगळ्यांना सांगितलं. पायऱ्या दोन आहेत.

आणखी एक गोष्ट कोणाला तरी सांगायला हवी, तर तुम्हालाच सांगते. गेली त्या दिवशी सकाळी मी नोंदी तपासत होते. आत्या आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. मी म्हटलं, "आत्या, ऊठ गं, ती खुर्ची दृश्यात आहे, उशी दबेल." ती "चुकलंच बाई" म्हणाली, लगेच उठली, उशी झटकून होती तशी ठेवली आणि आत स्टुलावर जाऊन बसली. दुपारी तिथंच गेली. डॉक्टर म्हणाले, कुठंही बसली असती तरी तेच झालं असतं. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते चिडले. उशी नोंदीप्रमाणे बरोबर आहे.

तरी काका, शेवटचा प्रसंग होईपर्यंत थांबावं. दार वाजतं आणि म्हातारी ते उघडते, एवढाच प्रसंग आहे. काकूंना नमस्कार. तेल लावून घ्यावं.

तुमची आज्ञाधारक,
धाकटी पुतणी

ता. क. आजोबांच्या कपाटाला कलाविभागानं हिरवा रंग दिला आहे. हे आधीच सांगायला हवं होतं. खरवडला तर निघेल म्हणतात.

आणखी ता. क. (मास्तर, इथून हळू वाचा.) काका, मी वर खोटं लिहिलं. दिग्दर्शकांनी चार दिवसांपूर्वीच सांगितलं की दार वाजतं तिथंच चित्रपट संपवलाय, ते उघडताना दाखवायची गरज नाही. चित्रपट पूर्ण आहे. या घराचं आता कोणालाच काही काम नाही. मी हे कोणाला बोलले नाही आणि सगळ्यांना अजून पेल्यावरून ओरडते. मास्तरांना ठाऊक आहे. तेही चार दिवस अंग चोरून चालतायत, माझ्यासाठी. (आभारी आहे, मास्तर.)

माझ्यानं काहीच हलवत नाही, काका. घरातल्या कोणीतरी मोठ्यानं आधी हात लावायला हवा, मग मी लावीन. बाबांनी दोनदा प्रयत्न केला आणि ओसरीत जाऊन बसले. पायऱ्या चढताना मी हात धरीन. शुक्रवारपर्यंत थांबू नका, उद्या सकाळच्या गाडीनं या.