श्वास लागू द्यायचा नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

वीस तारीख ठरली! ऑपरेशन माझ्या कमरेचं, आणि तारीख ठरवली यांनी आणि अमरेशनं – बापलेकांनी, फोनवर, माझ्यासमोर. सर्जन स्वतः म्हणाले होते की घाई नाही, आधी सहा आठवडे व्यायाम करून बघा. पाय बधिर व्हायला लागला तर मात्र लगेच या. पण यांचं आपलं – "ही कुठला व्यायाम करती! एकदा कापून मोकळं करा."

यांच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर दुरुस्त करायचंय जसं काही.

चहा ठेवला. वाकताना कळ निघाली ती मानेपर्यंत गेली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

यांना न सांगता रिक्षानं फिजिओथेरपीला गेले. प्रेरणा नावाची मुलगी, पंचविशीची. कमरेला हातसुद्धा लावला नाही तिनं! "काकू, उताणं झोपा, श्वास घ्या." घेतला. "अहो, खांदे कानाला टेकले की! पोट जाग्यावरच." मग समजावत बसली. फासळ्यांखाली श्वासाचा पडदा असतो. तो खाली उतरला की पोट फुगतं आणि कण्याला आतून आधार मिळतो. माझा उतरतच नाही. त्याचं काम मान आणि कंबर करतात – म्हणून ठणकतात.

बासष्टाव्या वर्षी मला श्वास घ्यायला शिकवणार! उठून निघणारच होते. तेवढ्यात तिनं माझ्या पोटावर एक पुस्तक ठेवलं, "हे वर उचला," म्हणाली – आणि मला रडूच फुटलं.

कारण मला येत होतं हे. बेळगावची शाळा. म्युझिक रूमची गार फरशी, आम्ही सगळ्या ओळीनं उताण्या, प्रत्येकीच्या पोटावर प्रार्थनेचं पुस्तक. सिस्टर कॉर्नेलिया मधून हिंडायच्या – "लिफ्ट द बुक, गर्ल्स, नॉट द शोल्डर्स!" पूर्णिमा खुदखुदायची, तिचं पुस्तक धप्पकन पडायचं, मग सगळ्यांचीच. माझं मात्र छान वर जायचं. सगळ्यांत लांब सूर माझा असायचा. सिस्टर डोळे मिटून ऐकायच्या.

कुणी नेलं ते माझ्याकडून?

७ नोव्हेंबर

यांना कळलं. "श्वास घ्यायला बी फी असती व्हय? उद्या डोळं मिटायला शिकीवतील!" जेवताना दोनदा तोच विनोद. हसा.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रेरणानं सांगितलं होतं, श्वास कधी अडतो ते बघत राहा. बघितलं. बादली उचलताना. यांची गाडी दारात थांबताना. आणि सगळ्यांत जास्त – लिहायलाही कसंसं होतंय – पूजेत! डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, हात डोळ्यांसमोर, नजर त्यावर आणि श्वास बंद. अगदीच राहवेना झालं की मान वळवून हळूच सोडायचा. परत बंद. चाळीस वर्षं, रोज सकाळी!

हे मला आत्याबाईंनी – माझ्या सासूबाईंनी – शिकवलं. माहेरी लिंग गळ्यात होतं, पण पूजा करायला वेळ कुणाला. शाळेची बस यायची. लग्न होऊन मंगळवार पेठेत आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाटावर बसवलं. "पोट आत घे. श्वास लागू द्यायचा न्हाय लिंगाला, विटाळतंय." चुकलं की – "कॉन्व्हेंटात एवढं बी शिकीवलं न्हाय व्हय?"

१० नोव्हेंबर, सोमवार

मठाचे स्वामी घरी आले होते. सगळं आटोपल्यावर त्यांना विचारलंच. ते हसायला लागले. "कुणी सांगितलं हे, अक्का? प्राणलिंग म्हणतो की आपण! श्वासच न्हाई तर पूजा कोण करतंय?" आणि शिरा पुन्हा वाढून घेतला.

नियमच नव्हता! असा नियम कधी नव्हताच!

आत्याबाई समोरच बसल्या होत्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हे दुकानात गेल्यावर आत्याबाईंच्या खोलीचं दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "का शिकवलंत मला खोटं? माझी कंबर गेली, आत्याबाई! माझा गळा गेला!"

त्या नेहमीच्याच बारीक आवाजात म्हणाल्या, "खोटं कुठलं? मला सांगितलं तेच तुला सांगितलं."

मग हळूहळू निघालं. मृत्युंजय – म्हणजे हे – तान्हे असताना आत्याबाईंना खोकला लागला. आजऱ्याला भावाकडे ठेवलं, सुया टोचल्या, पण काय झालंय ते कुणी सांगितलं नाही. परत आल्या तर त्यांच्या सासूनं बजावलं – श्वास लागू द्यायचा न्हाय. ताटाला न्हाय, पोराला न्हाय, देवाला न्हाय. "मला वाटलं, या घरची रीतच हाय. पार म्हातारपणी न्यूमोनियाला छातीचा फोटो काढला, तवा डॉक्टर म्हणला, आजी, तुमाला टीबी होऊन गेलाय."

"मग तेव्हा तरी मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली की गं. अन् तवर तुला बी सवय लागलती."

मी दाराकडे वळले, तर मागून म्हणाल्या, "पोराचा मुका घेतला न्हाय मी कधी."

राग तसाच आहे. पण ज्यांच्यावर काढायचा ती माणसं भिंतीवर फोटोत बसलीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पूजेत श्वास सोडला. काळ्याभोर लिंगावर जरा वाफ धरली आणि गेली. विटाळलं काही नाही.

बादली उचलली, श्वास सोडत. कळ आली – पण कमरेतच थांबली, मानेपर्यंत गेली नाही. प्रेरणा म्हणते, "एवढ्यावर उड्या मारू नका, काकू." उड्या कोण मारतंय! मला ओरडावंसं वाटतंय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

यांना सांगितलं, वीस तारखेला मी जाणार नाही. व्यायामाचे सहा आठवडे पुरे करणार, मग सर्जनना भेटू. हे कडाडले – "तुला कोण इचारतंय? समदं ठरलंय!" मी तोंड उघडणार, एवढ्यात आतल्या खोलीतून –

"मृत्युंजया! ती न्हाय म्हणती न्हवं? मग न्हाय!"

पार रस्त्यापर्यंत गेला असेल आवाज. हे होते तिथंच उभे राहिले. आईचा आवाज इतका मोठा आहे, हे त्यांना पासष्टाव्या वर्षी कळलं.