नेम आणि उंदीर

रविवार, २ मार्च. सायंकाळी साडेसहा

तीन. जावयांचे बावीस, विहीणबाईंचे एकोणीस, लेकीचे सतरा आणि माझे तीन. त्यातले एक जावईच निघाले. पाठीमागून सगळे सारखे दिसतात, त्याला मी काय करणार?

दर रविवारी पाच ते सहा आम्ही चौघं आपापल्या घरी बसून कम्प्युटरवर हा बंदुकांचा खेळ खेळतो. खेळ किळसवाणा आहे. रक्त, चिखल, नुसता आरडाओरडा. पण तो एक तास लेक माझ्याशी बोलते, हसते. एरवी फोन केला की, आई, मीटिंगमध्ये आहे गं.

२३ तारखेला जावयांच्या ऑफिसच्या संघाशी सामना आहे. त्या दिवशी जो संघ, तोच पुढे दर रविवारी. लेक म्हणाली, आदल्या दिवशी चाचणी घेऊ. दहा टिपलेस तर तू, नाहीतर चौथं माणूस बघावं लागेल. चाचणी! मी! चौतीस वर्षं मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते, चाचण्या मी घेत असे. आणि चौथं माणूस आणणार कुठून?

दोष माउसचा आहे. कॉलेजात रायफल नेमबाजीत मी दुसरी आले होते. (स्पर्धेत आम्ही दोघीच होतो, हा मुद्दा गैरलागू.) हात तोच, डोळा तोच. माउस मात्र कम्प्युटरबरोबर फुकट आलेला. चाक चिकट. पोटाखाली मळाचा थर. ब्लेडने खरवडला. शी.

निश्चय: चांगला माउस घेणे. आणि आजपासून नेम: रोज सकाळी नऊ ते दहा सराव. नेम म्हणजे नेम.

सोमवार, ३ मार्च

सराव नाही. खराब हत्याराने सराव केला तर सवयी बिघडतात.

दुकानात गेले. मांडणीवरचे माउस हजार जणांनी हाताळलेले, काळपट, तेलकट. रुमाल ओला करून सात पुसले, मग हात लावला. दुकानदार पन्नाशीचा, टक्कल पडलेला, तरी मला काकू म्हणाला. विचारतो, काकू, तुमची पकड कोणती? तळहात टेकवून, पंजासारखी, की नुसत्या बोटांची? मी सांगितलं, सभ्य माणसासारखी. तो म्हणाला, तशी पकड कंपनी बनवत नाही. उद्धट.

जाळीचा घेतला. अंगभर भोकं, म्हणून हलका. घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. अठ्ठावन्न ग्रॅम. खोक्यावर सत्तावन्न छापलंय. एका ग्रॅमची लबाडी.

बुधवार, ५ मार्च

जाळीचा माउस बाद. भोकांतून बिस्किटाचा चुरा आत गेला. चुरा माझाच, पण भोकं त्यांची. सुईने काढायला बसले. त्यात नऊ ते दहा गेले. सराव उद्यापासून.

माउस ड्रॉवरमध्ये टाकला.

शुक्रवार, ७ मार्च

दुसरा माउस. डावी बाजू उजव्या बाजूसारखी. दुकानदार म्हणाला, काकू, हा दोन्ही हातांनी चालतो. म्हणजे कोणत्याच हाताचा नाही. अशी माणसं मी शिक्षक मंडळात पुष्कळ पाहिली. तरी आणला, संध्याकाळी बाद केला. ड्रॉवर.

विहीणबाईंचा फोन. साखरेत घोळलेला आवाज. म्हणाल्या, तुमचं बरं आहे हो, वेळच वेळ. मला मेलीला दिवसाचा जेमतेम अर्धा तास मिळतो. माउस कोणता वापरता, असं मी सहज विचारलं. म्हणाल्या, अगंबाई, तो निवडायचा असतो होय? मी तर कम्प्युटरबरोबर आला तोच वापरते. मुद्दाम. सगळं मुद्दाम.

रविवार, ९ मार्च

दोन. मान्य. पण दोन्ही शत्रूच होते. ही प्रगती आहे.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी तीन

घरात उंदीर आहे.

मागच्या खोलीतून टकटक येते. ती यांची खोली. यांचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं. दुकान बंद केलं, पण जुनी घड्याळं, चिमटे, भिंग, सगळा पसारा त्या खोलीत आहे. दोन्ही हातांत दोन चिमटे धरून हे तासन्‌तास बसतात. आधी वाटलं, घड्याळच. पण मी बी.एस्सी. आहे. घड्याळाची टकटक नियमित असते. ही टक, मग शांत, मग टकटकटक, मग पुन्हा शांत. सजीव प्राणी.

यांना सांगितलं, तुमच्या खोलीत उंदीर आहे. म्हणाले, नाही गं. मग काय आहे? म्हणाले, माउस असेल. इतक्या वर्षांच्या संसारात यांचा विनोद असाच पाणचट राहिला.

आज सराव झाला नाही. उंदीर असलेल्या घरात एकाग्रता होत नाही.

बुधवार, १२ मार्च

तिसरा माउस. बिनवायरी, वायरीऐवजी एक छोटी खुंटी कम्प्युटरला खोचायची. जड. पोटात लोखंडी वजनं घालता येतात. काही तरी भारदस्त हातात आल्यासारखं वाटलं. पण याला रंगीत दिवे. निळा, जांभळा, हिरवा, सारखा बदलतो. सर्कशीत आल्यासारखं वाटतं. चिकटपट्टी लावली. तिच्यातूनही जांभळा दिसतो. ड्रॉवर.

ड्रॉवर उघडला तर जाळीचा जागेवर नाही. दोन्ही हातांचाही नाही.

उंदराने नेले. वायरीला धरून ओढत नेले असणार. उंदराने उंदीर पळवला! हे ऐकून यांना ठसका लागला. पाणी दिलं.

शुक्रवार, १४ मार्च

दुकानात गेले. दुकानदाराने आज मला बघून आधीच स्वतः मांडणी पुसून ठेवली होती. हा माणूस सुधारतोय.

त्याला स्पष्ट विचारलं, तुमच्याकडे सर्वांत जास्त गुणांचा माउस कोणता? तो गोंधळला. मग मीच खोकी वाचली. प्रत्येकावर डीपीआय म्हणून आकडा असतो. आठशे, सोळाशे, बारा हजार. एकावर सव्वीस हजार! तो घेतला. दुकानदार म्हणाला, काकू, हा बाण पळण्याचा वेग, एवढा कोणी वापरत नाही, लोक आठशेवरच खेळतात. काठावर पास होणाऱ्यांची समजूत अशीच असते. सव्वीस हजार मिळत असताना आठशेवर समाधान मानणारी मुलगी मी माझ्या शाळेत वर्गाबाहेर उभी केली असती.

शनिवार, १५ मार्च

नवा माउस सर्वांत वरच्या आकड्यावर लावला. नुसता श्वास सोडला तरी बाण पडद्याच्या दुसऱ्या टोकाला. काय शक्ती! सामन्यापूर्वी जास्त वापरून त्याची धार घालवायची नाही. खोक्यात परत ठेवला.

म्हणून आज सराव नाही.

रविवार, १६ मार्च

जुन्याच माउसने खेळले. एक. मुद्दाम हातचं राखून.  लेक म्हणाली, आई, शनिवारचं लक्षात आहे ना? नाही जमलं तर रागावू नकोस. मी म्हटलं, शनिवारी बघशील.

खेळानंतर लेक यांच्याशी फोनवर वीस मिनिटं बोलली. दार लावून. माझ्या वाढदिवसाला काही आणायचं ठरत असेल. वाढदिवस सात महिन्यांवर आहे, पण लेक माझ्यासारखीच, सगळं वेळेआधी करणारी.

बुधवार, १९ मार्च

दिव्यांचा जड माउसही ड्रॉवरमधून गेला. एवढं वजन ओढणारा उंदीर केवढा असेल या विचाराने जेवण गेलं नाही. मागच्या खोलीत आज दोन तास टकटक. मधूनच यांचं हसू. उंदराच्या सान्निध्यात या माणसाला हसू येतं. मी दारावर थाप मारली तर आत एकदम शांतता. उंदीरसुद्धा मला घाबरतो.

सापळा आणला. दणकट, स्प्रिंगचा. दुकानदार तो नाही, हार्डवेअरवाला. त्याने काकू म्हटलं नाही, मावशी म्हटलं.

शुक्रवार, २१ मार्च. सकाळी अकरा

सापळा ड्रॉवरमध्ये, आत मागे लावला. आमिष म्हणून माझा जुना चिकट माउस ठेवला. या उंदराची आवड आता मला कळली आहे.

दुपारी सव्वाचार

फट्‌ असा आवाज. किंकाळी.

धावत गेले तर हे. उजव्या हाताची पहिली दोन बोटं सापळ्यात. सोडवली, धुतली, पट्टी बांधली. मोडलेलं नाही, पण सुजून टम्म. ड्रॉवरमध्ये काय हवं होतं, असं विचारलं. म्हणाले, माउस. मी म्हटलं, अहो, मीही त्यालाच धरत होते. 

चाचणी उद्या चार वाजता. घरातल्या गोंधळामुळे आजही सराव हुकला. माझ्याकडे सव्वीस हजार आहेत.

शनिवार, २२ मार्च. सायंकाळी सहा

लेक आणि जावई चाचणीला घरी आले. लेक आल्या आल्या म्हणाली, बाबा, हाताला काय केलंत? आता कसं करणार? मी म्हटलं, त्यांना काय करायचंय? जावयांनी बुटांकडे पाहिलं. जावयांचे बूट मळके असतात.

मग कळलं. उमेदवार दोन आहेत.

लेकीने महिन्यापूर्वी यांच्या जुन्या लॅपटॉपवर खेळ घालून दिला होता. हे मागच्या खोलीत खेळत. माझ्या टाकून दिलेल्या माउसने. जाळीच्या, दोन्ही हातांच्या, दिव्यांच्या. दिव्यांच्याची तर स्तुतीही केली, म्हणाले, कमी उजेडात बरा पडतो.

का, असं विचारलं. म्हणाले, रविवारी पाच ते सहा तुम्ही दोघी हसता. दाराआडून ऐकू येतं. वाटलं, आपणही असावं.

मला हे आधी सांगता आलं असतं. म्हणाले, सांगितलं की. माउस आहे म्हटलं होतं.

आधी मी खेळले. सव्वीस हजार. हात लावला आणि बंदूक छताकडे. खाली आणली तर जमिनीकडे. पुन्हा छत. वीस मिनिटं मी छतावर गोळ्या झाडल्या. शून्य. छताचं मात्र काही शिल्लक ठेवलं नाही. जावई म्हणाले, आई, डीपीआय थोडा कमी करून पाहता का? मी म्हटलं, गुण कमी करून घेणारी मी नव्हे.

मग हे बसले. उजवा हात पट्टीत, गळ्यात अडकवलेला. दोन्ही हातांचा तो माउस डाव्या बाजूला ठेवला. डाव्या हाताने.

एकवीस.

रविवार, २३ मार्च. सायंकाळी सात

सामना जिंकलो. जिंकले. यांचे अठरा. विहीणबाईंनी फोनवर यांना म्हटलं, व्याही, तुमचा नेम काय हो सुरेख! यांना लाजायला होतं हे मी लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर आज.

पाच ते सहा लेक हसत होती. यांच्याशी. मी शेजारच्या खुर्चीवर बसून पट्टी दोनदा बदलली. एकदा गरज होती.

नंतर फोनवर लेक म्हणाली, आई, तूपण बाबांबरोबर रोज खेळत जा ना, पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. पुन्हा बघू! नापास मुलींच्या पालकांना मी हेच सांगत असे.

खेळ बंद केल्यावर यांना विचारलं, नेम कसा काय बसला तुमचा? म्हणाले, एक दिवस चुकवला नाही. मी म्हटलं, नेम? म्हणाले, हो, नेम. रोज नऊ ते दहा. तू दुकानात नाहीतर माउस साफ करत असायचीस ना, तेव्हा.

सोमवार, २४ मार्च. सकाळी सव्वादहा

नऊ वाजता सरावाला बसले. तेवीस दिवसांत पहिल्यांदा. सव्वीस हजारांचा दुकानात परत द्यायला पिशवीत घातला आहे. जुना चिकट सापळ्यात फुटला. हे डाव्या हाताचा घेऊन मागच्या खोलीत बसलेले. म्हणून दिव्यांचा जड बिनवायरी घेतला, चिकटपट्टी काढली.

हलवला. माझ्या पडद्यावर काहीच हललं नाही. आणखी हलवला. ढिम्म.

तेवढ्यात आतून यांची हाक. अगं, इकडे ये, माझा बाण आपोआप पळतोय! आत्ताच मारलं मला! उंदीर शिरलाय का यात?

बिनवायरीची ती छोटी खुंटी यांच्याच लॅपटॉपमध्ये राहिली आहे, हे माझ्या लक्षात आलं. मी बी.एस्सी. आहे.

हाकेला ओ दिली नाही. दहा वाजेपर्यंत माउस हलवत राहिले. एक मिनिट कमी नाही.

नेम म्हणजे नेम.