वन्सं, इंजिन चालू झालं

ती. वन्सं,

चऱ्होलीहून यशोदाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत, भाऊजींचा खोकला बसला का, आणि नव्या म्हशीने लाथा मारणं सोडलं का ते कळवा. मी बरी आहे. जेवते, झोपते, वाचते. तुम्ही पहिलं विचाराल ते आधीच लिहून टाकते, माझी दहाही बोटं जागेवर आहेत. (फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुमचं तिसरं सुरू होतं. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.)

तर वन्सं, इंजिन चालू झालं. ह्यांच्या वर्षश्राद्धाला पंगत उठल्यावर सगळ्यांदेखत आपलं ठरलं होतं, ते तुम्ही विसरला नसालच. तुम्ही म्हणालात, विमानाचं इंजिन म्हणजे ज्योतीरामची आठवण, ती आमच्या सुजितच्या काचेच्या कपाटात शोभेल. मी म्हणाले, मी ते चालू करून दाखवते. तुम्ही हसलात आणि म्हणालात, दसऱ्यापर्यंत चालू झालं तर तुझं, नाहीतर गुपचूप कळंबला आणून दे. मी हो म्हणून बसले. ह्यांनी चाकणला उभा जन्म ट्रकची इंजिनं चालू करून तपासण्यात घालवला, पण हौशी लोक मैदानात उडवतात त्या छोट्या विमानाचं, हौसेने घेतलेलं हे पेरूएवढं इंजिन कधी चालू केलं नाही. जेवण झालं की डब्यातून काढायचे, पंखा बोटाने एकदा फिरवायचे, पुसून परत ठेवायचे. रिटायर झालो की बघू, म्हणायचे. रिटायर व्हायच्या आधीच गेले. कपाटाला माझा विरोध का होता ते मला त्या गर्दीत सांगता आलं नाही. माझ्या घरात एक फोटो आहे, तो पुरे आहे. दुसरी गप्प बसणारी वस्तू मला नको होती.

डब्यात एक पुस्तिका होती, इंग्रजीतली. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं मी वाण्याच्या पुड्या आणि वाचनालय यांच्या जोरावर शिकले, तेव्हा शब्दकोश घेऊन बसले. श्रावणात इतर बायका पोथी वाचतात, मी ही वाचली. (पोथीत पाप केल्याचं फळ पुढच्या जन्मी मिळतं, यात लगेच.) इंजिन जाड फळीवर बोल्टने आवळायचं, फळी टेबलाला शिकंज्याने धरायची. पंख्याला बारीकशी चीर असली तरी तो फेकून द्यायचा. पंख्याच्या समोर किंवा बाजूला कुणी उभं राहायचं नाही, आपणही मागेच. पदर खोचायचा हे पुस्तिकेत नाही, सैल कपडे नकोत एवढंच आहे, पदर माझा मी त्यात धरला. बांगड्या काढल्या, ह्यांचा कंपनीतला गॉगल वाचायच्या चष्म्यावर चढवला. पंख्याला बोटाने झटका द्यायचा नाही, काठीनेच द्यायचा. म्हणून पोछ्याची काठी कापून तिला रबरी नळी चढवली.

आणि सगळ्यात मोठा नियम असा, की इंजिनला पहिला घोट पाजताना बॅटरी लावलेली नको. कार्बोरेटरच्या तोंडावर बोट ठेवायचं, पंखा हळूहळू दोनतीनदा फिरवायचा, नळीतून तेल वर चढलेलं दिसलं की थांबायचं. त्यानंतर प्लगला बॅटरी, आणि मग काठी. आधी बॅटरी लावली तर घोट पाजतानाच ते पेटतं आणि आपलं बोट तिथेच असतं. हे मी इतकं पाठ केलं की दुधाच्या पातेल्याखाली गॅस पेटवतानाही आधी बॅटरी सुटी आहे ना असं मनात यायचं. (या इंजिनच्या तेलात एरंडेल असतं. बाटली उघडली आणि घरभर तुमच्या खोलीचा वास सुटला. मी चटकन पदर नीट केला.)

खंडेनवमीला सगळी तयारी झाली आणि माझी चूक अशी, की तुम्हाला फोन करून सांगितलं. तुम्ही म्हणालात, पूजा केल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. बरोबर आहे, त्या दिवशी चाकणमध्ये क्रेनलासुद्धा हार असतो. पुढे म्हणालात, कुंकू तू लावू नको, एखाद्या सवाष्णीला बोलव. मी वाद घातला नाही. पण आमच्या मजल्यावरच्या सगळ्या सवाष्णी नवऱ्यांच्या कंपनीत पूजेला गेलेल्या. उरल्या गौहरभाभी, खाली ज्यांचं गॅरेज आहे त्या रहिमानभाईंच्या बायको. नवरा जिवंत, ठणठणीत आणि रोज भांडणारा. तुम्ही नुसतं सवाष्ण म्हणाला होतात. भाभी हात धुऊन, डोक्यावरून ओढणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "कपाळ कुठलं याचं?" मी म्हणाले, वरच्या बाजूला कुठेही लावा. त्यांनी मोठ्या मनाने चांगली चिमूटभर घेतली आणि कार्बोरेटरच्या उघड्या तोंडात सोडली. मी स्वतः लावलं असतं तर फळीला लावलं असतं, वन्सं.

काठीने झटका दिला तर इंजिनने लाल चूळ टाकली आणि ते गप्प बसलं. तेवढ्यात पूजा उरकून, पेढ्यांचे पुडे घेऊन कंपनीची बस आली. मागच्या मोकळ्या प्लॉटवर आमचं टेबल दिसताच बस रिकामी झाली. रोज इंजिनं बनवणारी माणसं ती, प्रत्येकाला यातलं सगळं कळत होतं. एक म्हणे हवा कमी आहे, एक म्हणे हवाच जास्त आहे, धोंडीबा नावाचे एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, धक्का मारून बघा." मी सगळ्यांना काठीने पंख्याच्या समोरून हाकललं आणि टेबलामागे उभं केलं. पेढे खात उभे राहिले. रहिमानभाई आधी पेट्रोल घेऊन आले, याला ते चालत नाही म्हणून मी परत पाठवलं. मग म्हणाले, "यशोदाभाभी, थंड गाडी आहे, चोक द्या चांगला." मी बॅटरी काढून, तोंडावर बोट ठेवून दिला. त्यांनी आणखी द्या म्हटलं, मी आणखी दिला. पुस्तिका माझ्याच हातात होती आणि मी ऐकलं त्यांचं, याचा राग मला अजून आहे. पंखा अडून बसला. रहिमानभाई जोर लावायला पुढे झाले तशी मी त्यांचा हात धरला. पोटात तेल साचलेलं असताना जोर लावला तर आतला दांडा वाकतो. म्हणजे कुंकवातून वाचलेलं इंजिन लाडाने मेलं असतं, आणि दसरा तर दुसऱ्याच दिवशी.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. कपाट दिसायला लागलं होतं. मग बॅटरी सुटी केली, प्लग काढला, फळी उलटी धरून पंखा फिरवला, तेल बाहेर आलं. कार्बोरेटर सोडवून जुन्या टूथब्रशने त्याच तेलात धुतला, लाली जाईपर्यंत.

दसऱ्याला कुणालाच बोलावलं नाही, तरी रहिमानभाई आणि गौहरभाभी टेबलामागे येऊन उभे राहिले. भाभींनी आपले दोन्ही हात पाठीमागे धरले होते. बोट ठेवलं, पंखा फिरवला, तेल चढलं, थांबले. रहिमानभाईंनी तोंड उघडलं आणि भाभींनी ते डोळ्यांनीच बंद केलं. बॅटरी लावली. काठीचा एक झटका, काही नाही. दुसऱ्या झटक्याला ते असं किंचाळलं की समोरच्या बांधकामावरची कबुतरं उठली आणि वॉचमन शिट्टी वाजवत धावत आला. पंखा दिसेनासा झाला. मी थ्रॉटल मिटवून बंद करायला हवं होतं, पण मी तशीच ऐकत उभी राहिले. वन्सं, एवढासा जीव आणि काय आवाज होता. ह्यांनी तो एकदाही ऐकला नाही.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, सुजितला आशीर्वाद. त्याला म्हणावं कपाटात क्रिकेटचे कप ठेव.

तुमची,
यशोदा

ता. क. खोटं कशाला लिहू, दसऱ्याला पंखा उलटा फिरला. नवशिक्याच्या हातून असं होतं म्हणतात. वारा माझ्या अंगावर यायचा तो समोरच्या बांधकामाकडे गेला. एकादशीला सरळ फिरला. पण आपलं ठरलं होतं ते चालू होण्याचं, कुठल्या बाजूने ते ठरलं नव्हतं. पंगतीतल्या कुणालाही विचारा.

पुन्हा ता. क. विमानाचं धड माझ्याकडे आहे. पंख ह्यांनी दिवाळीच्या सुटीत तुमच्या ओसरीवर बसून केले आणि एसटीत मावेनात म्हणून तिथेच ठेवले. तुम्ही ते ह्यांच्या फोटोवर टांगलेत आणि हारही त्यांनाच घालता, हे मला माहीत आहे. हार काढा आणि पंख द्या.

आणखी एक. टपालाने पाठवू नका, तुम्हीच घेऊन या. फळीवरचं इंजिन शिकंजा धरतो, पण पंख लावलेलं विमान चालू झालं की पळू बघतं, त्याला मागून घट्ट धरायला माणूस लागतं. रहिमानभाई तयार आहेत, पण भाऊ तुमचा होता. चालू करणाऱ्याने सांगितल्याशिवाय धरणाऱ्याने सोडायचं नाही, असा नियम आहे. सोडा असं मी म्हणेन. मला ते लगेच म्हणता येईलच असं नाही, तेव्हा थोडा जास्त वेळ धरायची तयारी ठेवून या.