मेंढरांचा आकडा

१२ जानेवारी, रविवार
रेणूनं वही दिली. रेणू माझी नात, माझ्या पोराची, सांडूची पोरगी. जालन्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावा लागतो. तिचा असा की वाडग्याच्या फाटकावर मोबाईल बांधायचा, मेंढरं बाहेर जाताना त्यानं मोजायची, संध्याकाळी आत येताना पुन्हा मोजायची. कमी भरली की सांडूच्या मोबाईलवर घंटी.
मशीन बराबर मोजतं का ते बघायला खरा आकडा लागतो. म्हणली, तो तू रोज लिहायचा आज्जे.
म्हणजे प्रोजेक्ट माझ्यावर आहे. चौथी शिकलेली बाई, पण कॉलेजला गरज पडली.
ठरवलं: रोज सकाळी आकडा. एक दिवस चुकवायचा न्हाई.
आज: चाळीस.
उरलेल्या पानात माझं लिहिणार. हे कोणी वाचायचं न्हाई.

१९ जानेवारी
सोमवार ते रविवार: चाळीस.
चाळीसच सांगायचा असतो. माझी सासू चाळीस सांगायची, तिची सासू बी चाळीस. मेंढरं मोजली की नजर लागती, रोग येतो. आम्ही मोजत न्हाई, तोंडं ओळखतो. एक मागं राह्यलं तर मला उंबऱ्यातून कळतं. खरी किती आहेत ते मला माहीत न्हाई, आणि मला कशाला पाहिजे.
हे खोटं न्हाई, रीत आहे. रेणूला वेगळं सांगितलं न्हाई. घरातली पोरगी आहे, कळत असेल.

२ फेब्रुवारी
मशीन सत्तेचाळीस म्हणतं.
रेणू म्हणली, सात जास्त का दाखवून राह्यलं? मी म्हणलं, तोंडाकडून एकदा मोजत असेल आणि शेपटीकडून एकदा. तिनं कपाळावर हात मारला. मंग म्हणली, म्हणजे एकच मेंढरू दोनदा धरतंय, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई आज्जे.
इतकी फी भरून जे सुचलं न्हाई ते मला चुलीपुढं सुचलं.
सांडू काहीतरी बोलायला गेला. मी त्याच्याकडं बघितलं. चहा प्यायला लागला.

१६ फेब्रुवारी
पोरीनं पंधरा दिवस प्रोग्राम दुरुस्त केला. दोन मेंढरं चिकटून चालली तर एकच धरायचं, असं काहीतरी. आता चव्वेचाळीस येतात. माझ्या धाकानं यंत्र सुधारून राह्यलं.
रेणू वाळली. डोळे आत गेले. तिचे सर म्हणले, मालकाचा आकडा आणि मशीनचा आकडा जुळल्याशिवाय सही न्हाई. सही न्हाई तर सबमिशन न्हाई, सबमिशन न्हाई तर वर्ष गेलं. मी म्हणलं, मी आहे ना, कशाला भेतीस.
तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

९ मार्च
रेणूनं फॉर्म आणले. गावात तीन घरी मोबाईल लावून दाखवला, आता बायांनी मार्क द्यायचे, पाचपैकी. मी स्वतः संगं गेले. केशरबाई पाच द्यायला निघाली. मी तिचा हात धरला. म्हणलं, पोरीचं चांगलं चाललंय, पाच देऊन नजर लावतीस का? दोन दे.
दैवशालानं बी दोन दिले. तिसरीचं मन चांगलं, तिनं एकच दिला.
रेणू फॉर्म बघून म्हणली, कोणालाच आवडलं न्हाई.  काळजी घेणाऱ्यानं सांगत फिरू नये.

२३ मार्च
चाळीस आले. बिलकुल चाळीस. सकाळी बी, संध्याकाळी बी. रेणूनं मला उचललं. माझं वय काय, हिचं चाललंय काय.
एक गोष्ट फक्त इथं लिहिते. संध्याकाळी दोन मेंढरं आली न्हाईत. तोंडं बघितली तेव्हाच कळलं. मशीन चाळीसच म्हणालं, घंटी वाजली न्हाई. सांडूला हळूच कॅनॉलकडं पाठवलं, तो घेऊन आला. रेणूला सांगितलं न्हाई. एवढ्या आनंदात दोन मेंढरांचं काय घेऊन बसायचं.

६ एप्रिल
सर स्वतः बघायला येणार आहेत, पुढच्या रविवारी. ठरवलं: हिरवं लुगडं. बोलायचं मीच. रेणू शिकलेली आहे, पण तिला सांगता येत न्हाई.

१३ एप्रिल
सर आल्ते. खेड्यातलेच निघाले. चहा घेतला न्हाई, आधी काम म्हणले. फाटकापाशी उभे राह्यले, दर मेंढरामागं एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. मोबाईलवर चाळीस. सरांच्या खिशात सत्तेचाळीस.
मी म्हणलं, सर, तुमचे चिंचोके चुकले. त्यांनी मेंढरं आत घेतली आणि पुन्हा सोडली. सत्तेचाळीस.
सांडूला विचारलं. सांडू म्हणला, माय चाळीस म्हणती.
मला विचारलं, आजी, तुम्ही कधी मोजलीत का? मी म्हणलं, मी कशाला मोजू, मला काय भिकंला लागायचंय?
रेणू फाटकापाशीच खाली बसली. म्हणली, मी लहानपणापासून चाळीसच ऐकलं. सर, पहिल्या दिवशी प्रोग्राम बरोबर होता. दोन महिने मी तो मोडत बसले.
सर तिला म्हणले, यंत्र तपासलंस, माणूस तपासला न्हाईस.
चहा न घेता तसेच गेले. लुगडं कोणी बघितलं न्हाई.

२० एप्रिल
रेणू आली न्हाई. सांडू म्हणतो, प्रोग्राम बदलायच्या आधी दरवेळी तिनं जुना साठवून ठेवला होता, आता पहिलाच परत लावला. पण खरे आकडे नव्यानं पाहिजेत, तीन आठवड्यांचे. ते सांडू घेतो. सकाळी फाटकात उभा राहून मोठ्यानं मोजतो. मी कानात पदराचे बोळे घालून आत बसते.
मी विचारलं, माझा आकडा लागतो का? बिलकुल न्हाई म्हणला.
तरी लिहिते. चाळीस.

२२ मे, गुरुवार
तोंडी परीक्षा झाली. रेणू पास. सही झाली, सगळं झालं.
बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं म्हणे, प्रोजेक्टमधली सगळ्यात मोठी चूक कुठली? रेणू म्हणली, माझी आज्जी. मंग अर्धा तास माझ्यावरच बोलले. रिपोर्टात माझ्यावर चार पानं आहेत. मेंढरं राखणाऱ्याला आकडा विचारू नये, स्वतः मोजावा, असं त्यात लिहिलंय. नाव घातलं न्हाई.
आणि सत्तेचाळीस हा आकडा छापला. पाच प्रती. कॉलेजात कोणीबी उघडून बघावं.
मी रेणूला सांगितलं, आठ दिवस थांब, मंग बघ कसा रोग येतो. ती म्हणली, बरं आज्जे.

१ जून, रविवार
दहा दिवस झाले. एक बी मेलं न्हाई. दोघी व्याल्या. सांडू पारावर सगळ्यांसमोर एकोणपन्नास सांगून आला.
मी रोज सकाळी सगळ्यांची नाकं बघते, खुरं बघते. आज एकाला शिंक आली. तिथंच बसले, दुपारपर्यंत.
पुन्हा आली न्हाई.