रुमाल कोणाचा होता

मी, व्हर्लिन क्रायडर, राहणार हिकरी फोर्क, मिसूरी, विधुर, निवृत्त जमीनमोजणीदार, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. मन जाग्यावर नाही, पण माझ्या वकील मिस हॅस्किन्स सांगतात की कायदा फक्त बुद्धीची चौकशी करतो. मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. याआधी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मीच एकामागून एक रद्द केली, कारण प्रत्येक वेळी एकाच कलमापाशी येऊन अडलो. या वेळी ते कलम शेवटी ठेवले आहे, म्हणजे निदान बाकीचे तरी पुरे होईल.

कलम पहिले. माझे राहते घर विकावे आणि येईल ती रक्कम गावच्या स्वयंसेवक रुग्णवाहिका पथकाला द्यावी. माझी पत्नी ओलीटा हिला मॅगर्ड डोंगरावरून खाली आणताना स्ट्रेचर झाडीतून निघेना, तेव्हा या पोरांनी तिला चादरीत घालून हातांवर आणले. एकाचाही पाय घसरला नाही. मी त्यांचे आभार मानायचे राहून गेले आहे. पियानो चर्चला द्यावा. घर चर्चला देऊ नये. पाद्रीबाबा अंत्यविधीत म्हणाले की देवाने तिला बोलावून घेतले. तिला देवाने बोलावले नव्हते. तिला गोळी लागली होती.

कलम दुसरे. मोजणीची दुर्बीण, तिपाई, साखळी आणि सर्व खुंट्या तालुक्याच्या शाळेला. माझी लांब शिडी रॉस्को टेटकडे आहे. ती त्याला दिली असे समजू नये. आधी परत आणावी, आणि मग हवी तर त्याला द्यावी.

माझ्या फाटकापाशी लाकडांची रास आहे. दर शरद ऋतूत माझा मेहुणा डॉर्सी मॅगर्ड फोडलेली लाकडे आणून तिथे टाकतो आणि हॉर्न न वाजवता निघून जातो. त्यातले एकही मी जाळलेले नाही. खालची कुजली आहेत. जी धड असतील ती ज्याची त्याला परत करावीत.

कलम तिसरे. हे मी स्वयंपाकघरात सुरू केले होते, आता ओसरीवर येऊन लिहीत आहे. आत बसवत नाही.

रानातल्या टर्की पक्ष्यांना साद घालायच्या ओलीटाच्या दोन्ही लाकडी पेट्या माझी भाची कोरा हिला द्याव्यात. कोरा ही डॉर्सीची मुलगी. पेट्या ओलीटाच्या वडिलांनी अक्रोड आणि देवदाराच्या लाकडाच्या बनवल्या. झाकण कडेवर घासले की मादी टर्की बोलल्यासारखा आवाज येतो आणि तो ऐकून नर जवळ येतो; शिकार नराचीच करतात. ओलीटाने घासले की मादी बोलतच असे. मी शिकारी नाही. पहाटे तिला कॉफी करून द्यायची आणि ती कोणत्या झाडाखाली बसणार हे ऐकून घ्यायचे, एवढे माझे काम. ते सांगितल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे.

हंगामात आमच्या घराला तिचे नियम लागू असत. एकदा मी तिला फाटकापर्यंत सोडायला निघालो, तर म्हणाली, "तो निळा शर्ट काढ आधी."

"मी गाडीतच बसणार आहे गं."

"गाडी बंद पडली तर उतरशीलच ना? नराचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं. झाडीत तेवढंच दिसतं. मला विधवा करू नकोस, मला तुझ्यासारखी कॉफी जमत नाही."

मी शर्ट बदलला. तिच्या शिकारीच्या कपड्यांत मोजेसुद्धा तपकिरी असत. हे मला पक्के ठाऊक आहे, कारण आमच्या घरी कपडे मी धुतो.

कलम चौथे. ओलीटाच्या थडग्यावर किंवा माझ्या थडग्यावर 'अपघात' हा शब्द कोरू नये. वर्तमानपत्राने तो एकदा छापला, तेवढा पुरे.

घडले ते असे. मॅगर्ड डोंगर ओलीटाला वडिलांकडून मिळाला. डॉर्सीने डोंगराऐवजी गावातले दुरुस्तीचे दुकान मागून घेतले होते. भाऊ-बहीण शिकारीला मात्र दोघे त्याच डोंगरावर जात. माथ्यावरून जुना लाकूडवाहतुकीचा रस्ता आहे. रस्त्याच्या पूर्वेला ती, पश्चिमेला तो, हे लहानपणापासून ठरलेले. त्या सकाळी ती पूर्वेला एका रुंद ओकला पाठ लावून बसली होती आणि पेटी वाजवत होती. डॉर्सीला मादीचा आवाज आला. जवळ नर असणार असे वाटून तो रस्ता ओलांडून सरपटत आला. आवाजाच्या मागे जायचे नाही, बसल्या जागी पक्ष्याला येऊ द्यायचे, हे त्या दोघांना त्यांच्या वडिलांनी एकाच वेळी शिकवले होते. झुडपात काही हलले म्हणे, आणि त्याने छर्‍याची बंदूक चालवली.

तेव्हाचा रानरक्षक अधिकारी लोवेल प्रुइट पोहोचला, तेव्हा ओलीटाच्या गळ्याभोवती एक लाल रुमाल होता. डॉर्सीने सांगितले होते की आपल्याला लाल डोके दिसले. लोवेलने विचारले, "हा रुमाल हिचा का?" डॉर्सी हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. लोवेलने रुमाल तिचा असे लिहून घेतले.

तेव्हापासून गावात तेच चालते. न्हाव्याकडे माझ्या पाठीमागे बोललेले मी आरशात ऐकले आहे.

"बाई जन्मभर लोकांना शिकारीचे नियम शिकवत फिरली, आणि स्वतः लाल रुमाल बांधून गेली."

"म्हातारपणी विसरते माणूस."

"डॉर्सीची तरी काय चूक?"

तिचे कपडे मला पिशवीत घालून परत मिळाले, त्यात रुमालही होता. तो रुमाल मी आमच्या घरात कधी धुतला नव्हता. मी लोवेलकडे गेलो. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "व्हर्लिन, नवरा असंच म्हणणार. डॉर्सीनं सांगितलं तर मी आज बदलतो."

मला वाटते ते असे, की डॉर्सीने स्वतःच्या खिशातला रुमाल काढून तिच्या जखमेवर बांधला. रक्त थांबवायलाच बांधला असेल. तेवढे श्रेय मी त्याला कधीच नाकारलेले नाही. पण नंतर तो गप्प बसला, आणि चूक तिची ठरली.

कलम पाचवे रद्द. त्यात मी डोंगर लाकूडतोड कंपनीला विकायला सांगितले होते. ते रागाने लिहिले होते. दुसऱ्या दिवशी डोंगराच्या फाटकाशी जाऊन गाडीत बसलो आणि खोडले.

कलम सहावे. हेच ते कलम.

डोंगर मॅगर्डांचा आहे, क्रायडरांचा नाही. माझ्यामागे तो डॉर्सीला जावा, हे सरळ आहे. पण आधी मी असे लिहिले की डॉर्सीने माझ्या मृत्यूनंतर चार माणसांसमोर रुमाल कोणाचा ते सांगावे, तर त्याला डोंगर मिळेल. कोराने हे वाचले आणि कागद माझ्याकडे ढकलला.

"व्हर्लिनकाका, तुम्ही मेल्यावर?"

"हो."

"मग ऐकणार कोण? ज्याला ऐकायचंय तो तर खाली."

"कोणी तरी ऐकेल."

"कोणी तरी नकोय तुम्हाला. आणि माझे बाबा तुमच्या थडग्यापुढे बोलतील असं वाटतं? ते कुत्र्याशीसुद्धा मान हलवून बोलतात."

म्हणून मी डॉर्सीच्या दुकानात गेलो. आत जाण्याआधी दोनदा चौकाला वळसा घातला. तो एका यांत्रिक करवतीची साखळी बसवत होता. ओलीटा गेल्यापासून त्याने बंदूक धरलेली नाही, हे खरे आहे आणि ते इथे नोंदवतो.

"डॉर्सी, माझं मृत्युपत्र चाललंय."

"बरं."

"डोंगर तुझ्या नावावर करतो. एक वाक्य बोल. लोवेलसमोर. रुमाल कोणाचा होता, एवढंच."

त्याने साखळी ताणून पाहिली. "तुझं गवत कापायचं मशीन कसं चाललंय?"

"मशीन गेलं खड्ड्यात."

"आणून टाक. पातं बघतो."

"डॉर्सी, लोक तिला वेंधळी म्हणतात. ओलीटाला!"

त्याने हात पुसले. बराच वेळ पुसले. मग करवत सुरू केली, आणि त्या आवाजात बोलणे शक्य नव्हते. मी निघून आलो. कलमात त्याचे नाव आणि एका वाक्याची अट तशीच ठेवली.

इथपर्यंतचे टंकलेखन करून आज सही करायची होती. पुढचे मी मिस हॅस्किन्स यांच्या टेबलावर हाताने लिहीत आहे, आणि ते या मृत्युपत्राचा भाग समजावे.

एक साक्षीदार म्हणून लोवेल प्रुइट वेळेवर आला. दुसरा रॉस्को टेट यायचा होता, तो आला नाही. शिडीचे त्याला कळले असावे. त्याच्याऐवजी दारातून कोरा आली आणि तिच्यामागे डॉर्सी, चर्चला जायचा कोट घालून. मला वाटले, बोलायला आला. मी खुर्ची सरकवली. तो बसला नाही.

"साक्षीला माणूस कमी आहे का?" त्याने विचारले.

"आहे," मिस हॅस्किन्स म्हणाल्या, "पण तुम्ही चालणार नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्ष केली, तर त्याला मिळायचं ते जातं."

"मग माझं नाव खोडा."

मी म्हणालो, "एक वाक्य बोलायला नको म्हणून अख्खा डोंगर सोडतोस?"

"खोड, व्हर्लिन."

"बाबा," कोरा म्हणाली, "नीट विचार करा."

"केलाय. खूप वर्षं तेवढंच केलंय."

मिस हॅस्किन्स यांनी माझ्याकडे पाहिले. "व्हर्लिन, हे मृत्युपत्र आहे, तक्रारअर्ज नाही. डोंगर कोणाला तेवढं लिहा. मला दोन वाजता दुसऱ्या लोकांचा घटस्फोट आहे."

मी त्याचे नाव खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी आद्याक्षरे आहेत.

तर, मॅगर्ड डोंगर, माथ्यावरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंसह, मी कोराला देतो. ती डॉर्सीची मुलगी म्हणून देत नाही. मागच्या एका हंगामात ती शेजारच्या रानात बसून साद घालत असताना एक परका माणूस बंदूक पुढे करून तिच्या आवाजाकडे सरपटत येताना तिला दिसला. तिने हात हलवला नाही, उठली नाही, शीळ घातली नाही. झाडाला चिकटून बसली आणि मोठ्याने ओरडली, "माणूस आहे इथं!" जवळ आलेला नर उडाला आणि त्या माणसाने तिला शिव्या दिल्या. मला सांगताना म्हणाली, "पक्षी गेला, काका. मी नाही गेले." हे तिला ओलीटाने शिकवले होते.

कोराने तिथे कोणालाही शिकारीला न्यावे, पण तो तिच्या आत्याच्या रीतीने वागणारा हवा. पाठीला खांद्यांपेक्षा रुंद झाड हवे. अंगावर, आत किंवा बाहेर, लाल, पांढरे, निळे काही नको, आणि खिशातही नको. आवाजावर, रंगावर किंवा हालचालीवर बंदूक उचलायची नाही. सबंध पक्षी दिसला पाहिजे, नराच्या छातीवर लोंबणारी पिसांची दाढी दिसली पाहिजे, आणि त्याच्या मागे काय आहे तेही दिसले पाहिजे. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी. मारलेला पक्षी भडक नारिंगी कापडात गुंडाळल्याशिवाय खांद्यावर घ्यायचा नाही. घरी कोणाला तरी आपले झाड सांगून जायचे. ज्याला हे जाचक वाटते त्याने बाजारातून कोंबडी आणावी.

कोरा, तू तुझ्या वडिलांना डोंगरावर येऊ द्यायचे की नाही ते तुझे तू ठरव. मी ठरवू शकलो असतो तर एवढी मृत्युपत्रे झाली नसती.

मला हवे होते ते मिळाले नाही. ते या कागदाने मिळणार नव्हते, असे मिस हॅस्किन्स म्हणतात. त्या म्हणतात तर तसे असेल. ओलीटा त्या सकाळी तपकिरी कपड्यांत गेली. हे मी माझ्या सहीने सांगतो, आणि नवरा म्हणून नव्हे, बुद्धी शाबूत असलेला माणूस म्हणून सांगतो. आता सही करून मला इथून उठायचे आहे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी मिस हॅस्किन्स यांनी करावी.

ठिकाण: हिकरी फोर्क, मिसूरी
दिनांक: सोमवार, १० मार्च २०१४
(सही) व्हर्लिन क्रायडर

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. लिहून देणाऱ्याने ती समजून-उमजून केली. आम्ही दोघांनी त्याच्यासमोर आणि एकमेकांसमोर साक्ष केली आहे.

साक्षीदार पहिला: (सही) लोवेल प्रुइट, निवृत्त रानरक्षक अधिकारी

साक्षीदार दुसरा: (सही) डॉर्सी मॅगर्ड, ओलीटाचा भाऊ. मला बोलता येत नाही म्हणून साक्षीखाली लिहितो. मला लाल डोके दिसले नव्हते. मला काहीच दिसले नव्हते. आवाज इतका खरा होता की मी बघितलेच नाही. तिच्या अंगावर लाल काही नव्हते. रुमाल माझा होता. लोवेल हे वाचतो आहे.