कोळिणीचे ओतीव बीळ

ता. ३ नोव्हें. १९३४, रत्नागिरी
मुंबईच्या संग्रहालयाचे उत्तर शाळेच्या पत्त्यावर आले. डोंगरातल्या मोठ्या केसाळ कोळ्याच्या बिळाचे माझे चित्र परत. ‘हे कोळी दगडाखाली उथळ भोकात राहतात. दोन हात खोल बीळ, त्याला वळण, तळाशी खोली, ही ड्रॉइंग मास्तरांची कल्पना दिसते.’ कल्पना! मे महिन्यात दरड खणून डोळ्यांनी पाहिले आहे. हेडमास्तरांनी (हे. मा.) पत्र सर्वांसमक्ष वाचले. “काय हो, कोळ्याच्या बंगल्याला माडी नाही काढलीत?” सगळे खो खो. अंगाचा तिळपापड झाला.

ता. ८, सासुरवाडी (सावर्ड्याच्या पुढे, डोंगराखाली)
सुट्टीला सौ. यमूसह. शाळेतले प्लास्टर आणले आहे. बिळात ओतायचे, वाळले की खणून काढायचे. मग बोला म्हणावे! आधी आतल्या कोळीणबाईसाहेबांना बाहेर काढणे आले. सासऱ्यांचा जुना गडी राघो म्हणाला, “मास्तरानू, गवताची काडी आत सोडा. तिला वाटतंय किडाच आलाय. चिडून भायेर येतंय बगा.” आली. माझ्या पंजाएवढी. बरणीत घातली. राघो निवांत, मी घामाघूम.
प्लास्टर तोंडाशीच थिजले. गोळा उपसला. बीळ शाबूत, नशीब.

ता. ९
यमू आज दरडीवर आली. “अहो, घावनाचं पीठ इतकं घट्ट कालवतात का? धार पडायला हवी.” बावीस वर्षे प्लास्टर हाताळतो आहे मी! निमूटपणे पाणी वाढवले. तीन तांबे गटागट आत गेले.

ता. १०
निघाले!! अखंड. दोन हात चार बोटे. वळण आहे. खोली आहे, नारळाएवढी. तिचे रेशीमसुद्धा वर चिकटून आले. दरडीवरच नाचलो. राघो ओरडला, “पडाल वो!” यमू पदर तोंडाला लावून हसत होती. इतका आनंद लग्नातही झाला नव्हता (हे तिला दाखवायचे नाही).
शेजारीच पहारेने भोक पाडून कोळिणीला सोडले. तुरुतुरु आत.

ता. १२ डिसें., रत्नागिरी
ओतीव बीळ पेंढ्यात बांधून बोटीने पाठवले होते. आज पत्र. ‘आमची चूक झाली. चित्र अचूक आहे, छापू.’ हे. मा. ना म्हटले, हेही मोठ्याने वाचा. वाचावे लागले. कान लाल झाले होते त्यांचे.
खाली दोन ओळी: हा कोळी शास्त्राला नवा असावा, मारून स्पिरिटमध्ये घालून पाठवा. त्याशिवाय नाव देता येत नाही. कदाचित तुमचेच देऊ.
माझे नाव!

ता. २५, सासुरवाडी
नाताळची सुट्टी. सकाळीच दरडीवर. मी पाडलेले ओबडधोबड भोक तिने आपलेसे केले आहे. तोंडाशी ताजे रेशीम, आत दोन पाय दिसतात. स्पिरिटची बाटली पिशवीत. मोह होतो, खोटे कशाला लिहू. यमू वाकून ते रेशीम बघते आहे.
राघोने काडी पुढे केली. “काडू काय?”
म्हटले, थांब जरा.